जुना लॅपटॉप : आधी डिस्क, मग रॅम

प्रश्न : आमचा लॅपटॉप २०१७ सालचा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं लागतात. दुकानात सांगितलं, रॅम वाढवा. तेवढ्यानं मुलीचं कॉलेज निभेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नुसत्या रॅमनं नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत दिसला, तर अडलंय ते डिस्कपाशी. फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी वाचते, एसएसडी (काहीच न फिरणारी, चिपांची डिस्क) हजारो ठिकाणी. पहिला खर्च तिच्यावरच करा.

२.५ इंची, ७ मिमी जाडीची सॅटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी घ्या. ५०० जीबी पुरते. एम-टू (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट असेल, तर तो सॅटा घेतो की एनव्हीएमई ही दुसरी जोडणी, हे मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच पैसे द्या. स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालेलच असं नाही.

क्लोन (जुन्या डिस्कची नव्या डिस्कवर हुबेहूब नक्कल) करण्याआधी बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-कुलूप बंद करा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचताना अडणारे डिस्कचे तुकडे) शून्य नसेल, तर क्लोनचा नाद सोडा. खराब सेक्टरवर ते अर्ध्यात अडकतं आणि आधीच थकलेली डिस्क आणखी दमते. आधी फायली काढून घ्या, मग विंडोज नव्यानं टाका.

खालचं झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू-टोचू नका, आधी तीच बदला. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. लांबडा स्क्रू आखूड जागी पिळला की कीबोर्डच्या बाजूनं फुगवटा येतो. म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा.

रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, हे टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर दिसतं. असेल तर ८ जीबीची पट्टी घाला. ४ आणि ८ मिळून १२ बिनघोर चालतात. मात्र या पिढीत काही मॉडेलांना डीडीआर४ लागते, काहींना डीडीआर३एल. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. पट्टी तिरकी घालून दोन्ही क्लिपा ‘टक’ होईपर्यंत खाली दाबा. पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, घाबरू नका. त्याहून जास्त वेळ राहिला, तर लॅपटॉप बंद करून, बॅटरी सोडवून पट्टी पुन्हा बसवा.

झाकण उघडलंच आहे, तर पंख्याशेजारच्या जाळीतला धुळीचा थरही काढा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तो घट्ट चिकटून बसतो आणि लॅपटॉप तापून मंदावतो.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. घरगुती वापरासाठीची विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट-सेवा नोंदणी करून घेतली, तर ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. पुढं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाका. त्यात लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखा संच) असतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. फक्त कॉलेजचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारं आहे का, ते मुलीला आधी विचारा.