पाटे वाढवण्याआधी दांडा काट्यावर ठेवा

प्रश्न : माझ्याकडे दहा वर्षे जुनी दीड टनी पिकअप आहे. संत्र्याच्या नव्या कलमांना उन्हाळ्यात पाणी पोहोचवण्यासाठी मी एक हजार लिटरची टाकी बसवलेली दोनचाकी ट्रॉली तिला जोडतो. ट्रॉली जोडली की गाडी मागून बसते, स्टिअरिंग हलके लागते आणि पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढताना क्लच जळाल्याचा वास येतो. एक मिस्त्री मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवायला सांगतो, दुसरा क्राउन-पिनियन (मागच्या आसातली दातेरी चाकांची जोडी) बदलायला. आधी काय करावे?
– एक संत्रा उत्पादक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : दोन्ही मिस्त्रींच्या म्हणण्यात तथ्य आहे, मात्र आपण सांगितलेली लक्षणे पाहता त्या दोघांच्याही आधी काट्याकडे जावे, असे माझे मत आहे. टाकीतले पाणी एक टन आणि ट्रॉली व रिकामी टाकी मिळून 400 किलो धरले, तर गाडीमागे 1400 किलो ओढले जातात. दोनचाकी ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के वजन तिच्या पुढच्या दांड्यातून गाडीच्या हुकवर यावे लागते, म्हणजे आपल्या बाबतीत 140 ते 210 किलो. ते फार कमी असेल तर वेगात ट्रॉली डोलू लागते आणि फार जास्त असेल तर गाडी मागून बसते. आपली टाकी ट्रॉलीच्या आसाच्या बरीच पुढे बसवलेली असावी, असा माझा अंदाज आहे. घरी कापूस मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असेल, तर सपाट जागी ट्रॉलीच्या चाकांना उटी (अडसर) लावून, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून, दांडा हुकच्याच उंचीवर येईल असा त्यावर टेकवावा आणि टाकी पूर्ण भरून वजन पाहावे. आकडा 250 च्या पुढे गेला, तर टाकी मागे सरकवणे हाच सर्वांत स्वस्त इलाज आहे.

हुक मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे तेथील वजन तरफेसारखे काम करते. दोन आसांमधले अंतर 3 मीटर आणि मागच्या आसापासून हुक 1 मीटर मागे असेल, तर हुकवरच्या 150 किलोंमुळे मागच्या आसावर 200 किलो वाढतात व पुढच्या आसावरचे 50 किलो उचलले जातात. आपले स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. हे उचललेले वजन पाटे वाढवून परत येत नाही. पाट्यांनी गाडीचा मागचा भाग फक्त वर दिसू लागतो.

तरीही दहा वर्षांच्या गाडीचे पाटे थकलेले असणे स्वाभाविक आहे. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून पाट्यांचा बाक पाहावा. मेन पाटा सरळ झाला असेल किंवा एखादा पाटा तडकला असेल, तर कंपनीच्या मापाचा पूर्ण संच बदलावा. भट्टीत लाल करून पुन्हा बाक देण्याचे काम मात्र करून घेऊ नये, कारण विळ्याचे उतरावे तसे पाट्याचे पाणी उतरते आणि एका हंगामात तो पुन्हा बसतो. पाटा वाढवायचाच असेल तर त्याच्या जाडीकडे लक्ष असावे. लांबी-रुंदी तीच ठेवून 8 मिलिमीटरऐवजी 10 मिलिमीटरचा पाटा घातला, तर त्याचा ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो, आणि मग रिकाम्या गाडीची मागची चाके पांदणीत अक्षरशः उड्या मारतात. पाटे आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घालावेत आणि काही दिवस चालवल्यावर ते पुन्हा आवळावेत.

येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या आसाच्या हौसिंगपासून (कवचापासून) चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. गाडी भाराने खाली बसली की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवल्यावर भरलेली गाडीही बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि नेमक्या भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी पडतात. म्हणून पाट्यांच्या कामानंतर हा व्हॉल्व्ह नव्याने सेट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

आता क्राउन-पिनियन. त्याआधी क्लच प्लेट तपासावी. ती झिजलेली असेल तर वासाचे कारण तेथेच मिळेल. क्राउन-पिनियनचा सध्याचा रेशो, म्हणजे मागची चाके एकदा फिरताना प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंतचा फिरता दांडा) किती वेळा फिरतो, तो घरीही मोजता येतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि हँडब्रेक सोडून मागचे एकच चाक जॅकवर उचलावे व स्टँडचा आधार द्यावा. दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असल्याने ते उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारून त्याचे फेरे मोजावेत. जेवढे फेरे येतील तो आपला रेशो. क्राउनला 41 आणि पिनियनला 11 दात असतील तर तो 3.73 येतो, पिनियनला 10 दात असतील तर 4.10. पहिल्यावरून दुसऱ्यावर गेल्यास प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरची ओढ सुमारे 10 टक्के वाढते. पण त्याच वेगाला इंजिनही तेवढेच जास्त फिरते, आणि स्पीडोमीटरची जोडणी गिअरबॉक्सवरून असेल तर 60 च्या वेगाला तो 66 दाखवतो. क्राउन आणि पिनियन ही जोडी एकत्रच बदलायची असते, आणि दातांवर निळा रंग लावून घासणीची खूण पाहणाऱ्या कारागिराकडेच हे काम द्यावे. वर्षातून दोन-अडीच महिने पाणी ओढण्यासाठी हा खर्च मी स्वतः केला नसता.

कायद्याच्या बाजूने सांगायचे तर मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पाटे कितीही वाढवले तरी आरसी बुकातील वजनाचा आकडा वाढत नाही. ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते.

राहिला ब्रेकचा प्रश्न, जो आपण विचारलेला नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर उतारावर 1400 किलो आपल्या गाडीला मागून ढकलतात, आणि अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी ब्रेक दाबताच पुढे आदळते. टाकीत आडवे पडदे बसवून घ्यावेत आणि शक्यतो ती पूर्ण भरूनच न्यावी. दांड्याचे वजन, खडूने मोजलेला रेशो आणि टायरचा आकार कळवल्यास गिअरबाबत अधिक नेमके सांगता येईल.