प्रश्न वाचकांचे : अमेरिकेतल्या आपत्कालीन इशाऱ्यांचे कोड

प्रश्न : आमच्या लघुपटात टॉर्नेडोचा प्रसंग आहे. अमेरिकी टीव्हीवर इशाऱ्याआधी येणारा कर्कश आवाज त्यात घालायचाय. लघुपट तिथल्या केबल वाहिनीवर दाखवला जाणार आहे. मूळ रेकॉर्डिंग हाताशी आहे. वापरलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. आणि थोडा फेरफार करून हुबेहूब तसाच आवाज तयार केलात, तरीही नाही. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, ही तिथल्या प्रसारणावर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमावलीतल्या भाग ११ मधलं कलम ११.४५ यासाठीच आहे. खरी आपत्ती, अधिकृत चाचणी आणि काही ठरावीक जनजागृती संदेश सोडले, तर इशाऱ्याचे कोड, लक्षवेधी टोन, त्यांचं रेकॉर्डिंग किंवा नक्कल यातलं काहीच प्रसारित करता येत नाही.

नियम इतका कडक का, ते त्या आवाजातच दडलंय. सुरुवातीची ती खरखर म्हणजे यंत्रासाठी लिहिलेला मजकूर असतो. २०८३.३ हर्ट्झ म्हणजे १, १५६२.५ हर्ट्झ म्हणजे ०, आणि वेग सेकंदाला ५२०.८३ बिट. आधी १६ बाइटची एकसारखी सुरुवात, मागोमाग हेडर, म्हणजे इशारा कोणाचा, कसला, कुठला आणि कधीचा हे सांगणारी ओळ. आणि हे सगळं एकेक सेकंद थांबून तीनदा. एकाच जागेचं नाव असलेलं हेडर जेमतेम ०.९ सेकंदात संपतं. प्रत्येक प्रसारण केंद्रातला डिकोडर, म्हणजे हे कोड वाचणारं यंत्र, किमान दोन स्रोतांवर सतत कान लावून बसलेला असतो. तीनपैकी दोन हेडर तंतोतंत जुळले, की त्याच्या लेखी संदेश खरा. मागे नाटक चाललंय की जाहिरात, हे त्याला कळायला मार्गच नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये नेमकं हेच घडलं. एका रेडिओ कार्यक्रमात ९ नोव्हेंबर २०११ च्या राष्ट्रीय चाचणीचं रेकॉर्डिंग वाजलं. त्यात ‘ईएएन’ हा राष्ट्रीय आणीबाणीचा कोड होता, ज्याला बाकी सगळ्यांच्या आधी वाट द्यावी लागते. हेडरमध्ये वर्षातला कितवा दिवस ते असतं, वर्ष नसतं. आणि ज्या यंत्रांनी दिवससुद्धा जुळवून पाहिला नाही, त्यांनी तो इशारा पुढे पाठवून दिला. २०१५ मध्ये तो कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या आयहार्ट कंपनीला त्यापायी १० लाख डॉलर भरावे लागले. एका चित्रपटाच्या जाहिरातीत हे आवाज वापरल्याबद्दल तीन केबल कंपन्यांना मिळून १९ लाख ३० हजार डॉलरचा भुर्दंड बसला, तोही याच सुमारास.

खरखरीनंतरचा ८५३ आणि ९६० हर्ट्झचा जोडटोन यंत्राला काही सांगत नाही, तो माणसांसाठी असतो. तरी तोही वर्ज्य, आणि आमच्या मते हे योग्यच आहे. सिनेमात दहा वेळा ऐकलेल्या आवाजाला खऱ्या वादळात कोण उठून तळघरात जाईल? मोबाइलवरच्या इशाऱ्याचा आवाजही याच दोन सुरांचा असतो, एक लांब आणि दोन आखूड; तोही घेऊ नका. प्रसंगासाठी एकसुरी बझर लावा, किंवा नुसता उजळलेला पडदा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा.

प्रश्न : ओक्लाहोमातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रात मी तांत्रिक काम बघतो. आमच्या एन्कोडरवरून, म्हणजे इशाऱ्याचे कोड तयार करणाऱ्या यंत्रावरून, गेलेली चाचणी शेजारच्या केंद्रांनी उचललीच नाही. टोन तर स्पष्ट ऐकू येत होता. चूक कुठे शोधू?

उत्तर : हेडर छापून समोर घ्या आणि डावीकडून एकेक भाग तपासा. ‘झेडसीझेडसी’ या सुरुवातीच्या अक्षरांनंतर पाठवणारा कोण ते येतं, मग आपत्ती कसली ते सांगणारा तीन अक्षरी घटना-कोड, मग सहा अंकी जागा. ओक्लाहोमा काउंटीसाठी (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) ०४०१०९ : पहिला ० म्हणजे पूर्ण काउंटी, ४० म्हणजे राज्य, १०९ म्हणजे काउंटी. पहिल्या जागी १ ते ९ आला, तर काउंटीचा तेवढाच कोपरा धरला जातो. समोरच्या यंत्राच्या यादीत हा आकडा नसेल, तर ते गप्प बसणारच.

त्यानंतर अधिक चिन्ह आणि मुदत : ००३० म्हणजे अर्धा तास. घोळ बहुतेकदा याच्या पुढच्या सात अंकांत होतो. १२३२११५ याचा अर्थ वर्षातला १२३ वा दिवस, २१:१५ वाजता, आणि ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच हवी. उन्हाळ्यात तुमच्याकडची स्थानिक वेळ तिच्या पाच तास मागे असते. घड्याळ स्थानिक वेळेवर राहिलं, तर अर्ध्या तासाचा इशारा निघतानाच साडेचार तास शिळा ठरतो, आणि वेळ तपासणारा डिकोडर तो टाकून देतो.

शेवटी केंद्राची खूण, आठ अक्षरांची. तिच्यात आडवी रेघ नको. ती रेघ दोन भागांमधली खूण असल्याने यंत्राला हेडर तिथेच तुटल्यासारखं वाटतं. तिच्या जागी तिरकी रेघ द्या. हे सगळं बरोबर असेल, तर आवाजाची पातळी बघा. टोन कानाला स्पष्ट वाटला म्हणजे यंत्राला वाचता आला असं नाही : पातळी फार वर गेली की लहरीची टोकं कापली जातात आणि बिट चुकतात.

प्रश्न : एखाद्या काउंटीला स्वतःचा घटना-कोड बनवता येतो का?

उत्तर : नाही. यादी एफसीसीच्या नियमांत ठरलेली असते. तिसऱ्या अक्षराचाही संकेत आहे : डब्ल्यू म्हणजे धोका आला, ए म्हणजे सावध राहा. जुने काही कोड, जसा टॉर्नेडोचा ‘टीओआर’, याला अपवाद. बेपत्ता आणि धोक्यात असलेल्या व्यक्तींसाठीचा ‘एमईपी’ २०२४ मध्ये मंजूर झाला, पण मंजुरीनंतर केंद्राकेंद्रातल्या यंत्रांत तो भरावा लागतो. न भरलेला कोड आला, तर यंत्र तो पुढे पाठवत नाही.

प्रश्न : खऱ्या कोडने सराव करता येतो का? आणि चुकून खोटा इशारा गेलाच, तर?

उत्तर : करता येतो, वर्षातून दोनदाच. लोकांना आधी कळवायचं, स्थानिक आपत्ती यंत्रणांशी ठरवून घ्यायचं आणि संदेशातही ‘ही चाचणी आहे’ असं म्हणायचं. खोटा इशारा गेल्याचं लक्षात आलं, तर तेव्हापासून २४ तासांच्या आत एफसीसीला कळवावं लागतं. पण श्रोत्यांना त्याच मिनिटाला सांगा. जानेवारी २०१८ मध्ये हवाईत क्षेपणास्त्राचा खोटा इशारा गेला, तेव्हा मोबाइलवर दुरुस्ती पोहोचायला ३८ मिनिटं लागली.