कुलूप काढले, तरी डोमेन हलेना

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ ‘डॉट ऑर्ग’ डोमेनवर आहे. त्याची नोंदणी दिवंगत कार्यवाहांच्या नावे होती. ती गेल्या महिन्यात मी माझ्या नावे आणि माझ्या ईमेलवर करून घेतली. आता शुल्क कमी असलेल्या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे) डोमेन न्यायचे आहे. कंट्रोल पॅनेलमधील लॉक काढले, हस्तांतराचा कोडही मिळाला, तरी विनंती नाकारली गेली. मुदत २५ दिवसांत संपते आहे. जुना रजिस्ट्रार मुद्दाम अडवतो आहे का?
— एक कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : आपण सांगितलेल्या घटनाक्रमावरून ही अडवणूक वाटत नाही. आपण काढले ते एक कुलूप. नाव आणि ईमेल बदलल्यामुळे लागलेले दुसरे अजून तसेच आहे आणि ते पॅनेलमधील बटणाने निघत नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनांसाठी आयकॅन या संस्थेचे नियम रजिस्ट्रारांवर बंधनकारक असतात. १ डिसेंबर २०१६ पासूनच्या तरतुदीनुसार नोंदणीधारकाचे नाव, संस्थेचे नाव किंवा ईमेल यांपैकी काहीही बदलले, की तेव्हापासून ६० दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही. रजिस्ट्रारने सोय ठेवली असल्यास हे बंधन नाकारता येते, पण बदलाची विनंती करण्यापूर्वीच. म्हणून आधी हस्तांतर आणि मग नावबदल हा क्रम सोयीचा असतो. दिवंगत कार्यवाहांचा ईमेल आपल्याला उघडता येत नसेल, तर तो मार्ग आपल्यासाठी बंदच होता, हेही मान्य केले पाहिजे.

आपण काढलेले पहिले कुलूप नोंदीत ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असे दिसते. ते रजिस्ट्रार लावतो आणि आपल्या सांगण्यावरून काढतो. पॅनेलमध्ये सोय नसेल, तर मागणी केल्यापासून ५ दिवसांत ते काढणे आणि कोड देणे त्याला भाग असते. ‘क्लायंट’ऐवजी ‘सर्व्हर’ असा शब्द दिसला, तर ते कुलूप रजिस्ट्रीने, म्हणजे ‘डॉट ऑर्ग’सारख्या एका प्रकारच्या सर्व डोमेनांची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेने, लावलेले असते आणि त्याचे कारण रजिस्ट्रारमार्फतच विचारावे लागते.

हा सगळा खटाटोप जाचक वाटला, तरी त्याला कारण आहे. हस्तांतराची विनंती आल्यावर जुन्या रजिस्ट्रारने ५ दिवसांत हरकत घेतली नाही, तर त्याचे मौन संमती मानले जाते. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवा कंपनीचे डोमेन तिच्या नकळत दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेले आणि तिच्या ग्राहकांची ईमेलही भलतीकडे वळली. तेव्हा उरलेले दिवस डोमेन उघडे ठेवू नका. आजच पुन्हा लॉक लावा. कोडही कोणाला पाठवू नका. हस्तांतराच्या वेळी नवा मागून घ्या.

मुदतीचे मात्र थांबण्यासारखे नाही. नूतनीकरण जुन्याच रजिस्ट्रारकडे आणि मुदत संपण्यापूर्वी करा. हे शुल्क वाया जात नाही, कारण हस्तांतरासोबत मिळणारे १ वर्ष शिल्लक मुदतीत मिळवले जाते. एकूण मुदत १० वर्षांच्या पुढे मात्र जात नाही. मुदत उलटून गेल्यावर नूतनीकरण झाले आणि त्यानंतर ४५ दिवसांच्या आत डोमेन हलवले, तर ते भरलेले वर्ष हातचे जाऊ शकते.

हस्तांतराने नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनवरचे संकेतस्थळ आणि ईमेल कोठे आहेत हे सांगणारे सर्व्हर, आपोआप बदलत नाहीत. परंतु हे नेमसर्व्हर चालवणारी आपली डीएनएस सेवा जुन्या रजिस्ट्रारकडूनच मोफत मिळत असेल, तर डोमेन गेल्यावर ती बंद होण्याचा संभव असतो आणि संकेतस्थळाबरोबर वाचनालयाची ईमेलही थांबते. म्हणून सर्व नोंदी, विशेषतः ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी, आधीच उतरवून घ्या. (‘डॉट इन’ डोमेनांची रजिस्ट्री निक्सी या संस्थेकडे आहे आणि त्यांना आयकॅनचे हे हस्तांतर नियम लागू नसतात, तेथे रजिस्ट्रारकडे वेगळी चौकशी करावी.)

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नोंदणी पुन्हा एका व्यक्तीच्याच नावे झाली आहे. संस्थेच्या रकान्यात वाचनालयाचे नाव आणि ईमेलच्या जागी पदाधिकारी बदलले तरी टिकणारा वाचनालयाचा पत्ता असला, तर पुढच्या कार्यवाहांना ही धावपळ करावी लागणार नाही. हा बदल मात्र हस्तांतर पूर्ण झाल्यावर नव्या रजिस्ट्रारकडे करा. आत्ता केलात, तर ६० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.