मिटिअर 350 : घाटात ताकद आणि कंबरेला आराम, पैसे नक्की कुठे घालायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की 2021 ची रॉयल एनफिल्डची मिटिअर 350 आहे, पुण्याहून निपाणी-आजरा-आंबोली करत सावंतवाडीला जाणं-येणं असतं, मागे वहिनी आणि दोन बॅगा, घाटात गाडी दम टाकते आणि कराड गेलं की कंबर बोलायला लागते. गॅरेजवाल्याने फ्री फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर आणि ट्युनिंगचा डबा (पेट्रोलचं प्रमाण बदलणारा) असं 30 हजारांचं पॅकेज सांगितलंय, ते करू का.

नका करू. त्यातले अर्धे पैसे सीटवर आणि गरज पडली तरच मागच्या शॉकअपवर घाला आणि घाटासाठी फक्त स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राचा) विचार करा.

आता का ते सांगतो. हे इंजिन 349 सीसीचं, 20.2 बीएचपी 6100 आरपीएमला आणि 27 एनएम टॉर्क (ओढ) 4000 ला. बोअर (सिलिंडरचा व्यास) 72 मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) 85.8, म्हणजे लाँग स्ट्रोक, खालच्या आरपीएमला निवांत ओढणारं, वर पिळायला बनवलेलंच नाही. फ्री फ्लो आणि फिल्टरने नीट ट्युनिंग करून समजा एक बीएचपी वाढला तरी तो साधारण 5 टक्के झाला, आणि तोही वरच्या आरपीएमला, जिथे तुम्ही मागे माणूस बसवून कधी जाणारच नाही. उलट नुसता पाईप उघडा केला की खालची ओढ बऱ्याचदा कमीच होते, आणि घाटात लागते ती नेमकी तीच. पण आवाज वाढतो ना, मग गाडी जोरात पळतेय असं वाटतं, आणि लोक येऊन सांगतात की भाई काय फरक पडलाय.

शिवाय गाडी बीएस6 आहे, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ओटू सेन्सर बघून पेट्रोल ठरवते. हवा वाढवली आणि मॅपिंग (पेट्रोल किती सोडायचं ते सेटिंग) तसंच ठेवलं तर मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फाटफाट आवाज येतो, इंजिन जास्त तापतं. म्हणून मग तो डबा घ्यावा लागतो, म्हणजे एका खर्चाने दुसरा खर्च ओढून आणायचा. सायलेन्सरबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) गेला की पीयूसीची कटकट वेगळी. आणि कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182ए खाली मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुण्यात पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवलेला तुम्ही पेपरात बघितलाच असेल. 95 ऑक्टेनचं महागडं पेट्रोल पण नको, कॉम्प्रेशन 9.5 आहे, या इंजिनला त्याचं काही पडलेलं नाही.

घाटाचा हिशोब वजनापासून सुरू करा. गाडीच 191 किलो, तुम्ही दोघं धरा 140, बॅगा 20, झाले साडेतीनशे. त्यात जाडजूड लेगगार्ड, मागचं लोखंडी कॅरिअर, बॅगांचे स्टे असं 15 किलो लोखंड लावलेलं असेल (बऱ्याच जणांच्या गाडीवर असतं, हत्यारबंद दिसते गाडी) तर ते काढलं तरी 4 टक्के वजन उतरलं, तेही फुकटात.

आणि गिअर. खंबाटकीला चौथ्यावर 40 ला घुरघुर करत चढवत असाल तर तिसरा टाका हो. 4000 च्या आसपास टॉर्क आहे, तिथे ठेवलं तर इंजिनाला काही होत नाही, आवाज वाढला म्हणजे गाडी त्रासात आहे असं नाही, खरा त्रास तिला खालच्या आरपीएमला रेटण्यात होतो. एवढं करूनही कमी वाटलं तर मग स्प्रॉकेट. समोरचं 15 दातांचं असेल आणि 14 चं लावलं तर मागच्या चाकावर ओढ साधारण 7 टक्के वाढते, सगळ्या गिअरमध्ये, सगळ्या आरपीएमला. 30 हजारांच्या पॅकेजमध्ये हे मिळत नाही. बदल्यात हायवेला त्याच स्पीडला आरपीएम पण 7 टक्के वर जातो, मायलेज थोडं पडतं. 80-85 ने जाणाऱ्याला चालतं, सातारा रोडला 100 धरून बसणाऱ्याला नाही चालणार. चेन-स्प्रॉकेट बदलायची वेळ येईल तेव्हाच करा, नव्या चेनवर जुनं स्प्रॉकेट लावू नका.

आता कंबर, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रॉब्लेम हाच आहे. मिटिअरसारख्या क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा आला की साध्या बाईकसारखं पायांवर उभं राहून झटका घेता येत नाही, सगळा मार सरळ माकडहाडावर. म्हणून पैसे इथे.

पण आधी फुकटचं. मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) सहा पायऱ्या आहेत, टूलकिटमधला हुकवाला पाना घ्या आणि दोघं बसणार असाल तर दोन-तीन पायऱ्या चढवा, दोन्ही बाजूंना सारख्याच. बहुतेक गाड्या शोरूममधून येतात तशाच फिरतात, मग मागे माणूस बसला की शॉकअप आधीच दबलेला, खड्ड्यात आपटतो आणि लोक सीटला शिव्या देतात. टायरचं प्रेशर पण दोघांसाठी वेगळं असतं, स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि हवा गार टायरमध्ये बघायची.

मग सीट. कंपनीची टूरिंग सीट मिळते, ती बरी आहे. पण चांगला कुशनवाला ओळखीचा असेल तर आहे त्याच सीटचा फोम बदलून घ्या, निम्म्याहून कमी पैशात होतं. त्याला दोन गोष्टी सांगा. एक, बसायची जागा सपाट कर, पुढे उतार असला की ब्रेकला ब्रेकला माणूस टाकीकडे सरकतो आणि मागचा आपल्यावर. दुसरं, माकडहाडाखाली फोम थोडा कोरून तिथे मऊ तुकडा, बाकी सगळा कडक फोम. मऊ गादी दुकानात छान वाटते, तासाभराने सीटचा खालचा कडक तळच टोचतो. रेक्झीन मारण्याआधी नुसत्या फोमवर दहा मिनिटं बसून बघा, वहिनींनाही बसवा, तिथेच खोडून-भरून घ्या. फोम आणि रेक्झीनच्या मधे प्लास्टिक टाकायला विसरू नका, नाहीतर कोकणातल्या पावसात एकदा पाणी प्यायलेली सीट चार दिवस वाळत नाही. जेल पॅड मला आवडत नाही, एप्रिलच्या उन्हात तवा होतो. वहिनींसाठी बॅकरेस्ट नसेल (मिटिअरच्या स्टेलर आणि सुपरनोव्हा मॉडेलला येते, फायरबॉलला नाही) तर ती मात्र आधी घ्या.

हँडल रायझर (हँडल वर उचलणारा तुकडा) लावायचा असेल तर लावून झाल्यावर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. आरपीएम जरा जरी चढला तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय, तशी गाडी दुकानातून बाहेर काढू नका, ब्रेकचा होज पण तेव्हाच बघा.

गॅस शॉकअप सगळ्यात शेवटी, वरचं करून समाधान नाही झालं तरच. आणि हे सगळं करूनही 110 ने दोघं जायचंय अशी इच्छा असेल तर 350 वर पैसे घालूच नका, सुपर मिटिअर 650 ची टेस्ट राईड घ्या, 648 सीसी, 47 पीएस, पण वजन 241 किलो आहे, पार्किंगमध्ये मागे ढकलून बघा आधी.

रायझर किती मिमीचा घ्यावा ते उंची कळल्याशिवाय सांगता येणार नाही. तुमची उंची आणि बसलेल्या स्थितीतला बाजूने काढलेला फोटो टाका, हात कोपरात किती वाकतोय ते बघून सांगतो.