पाळी जाताना डॉक्टर कुठला?

प्रश्न: मी डिचोलीची, वय ४८, शाळेत शिकवते. चार महिने पाळी आलेली नाही. शिकवता शिकवता अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, छातीत धडधडतं. एक डॉक्टर म्हणाले, 'वयाचं आहे, सोसायचं.' दुसऱ्यांनी पिशवीच काढून टाका म्हणून सांगितलं. नणंद म्हणते, पणजीच्या मोठ्या स्पेशालिस्टकडे जा. मला बाई डॉक्टरच हवी. कुणाकडे जाऊ?

उत्तर: ताई, आधी पिशवीचं बोलू. तुमच्या पत्रात जास्त रक्तस्राव नाही, गाठ नाही, सोनोग्राफीचा उल्लेखही नाही. मग पिशवी काढायची कशाला? ती काढल्याने वाफा थांबत नाहीत. सोबत अंडाशय काढले, तर त्रास एकदम अंगावर येतो. ऑपरेशनचं कारण लेखी मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तारीख घेऊ नका.

तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञच हवा, पण दिवसभर बाळंतपणांतच अडकलेला नको. क्लिनिकला फोन करून सरळ विचारा, 'पाळी जातानाच्या तक्रारी डॉक्टर नेहमी बघतात का? बोलायला वेळ देतात का?' पाटी किती मोठी, यावरून काही कळत नाही.

खरी पारख पहिल्या भेटीत होते. शेवटची पाळी कधी, बीपी किती, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवं. न विचारता हॉर्मोनच्या गोळ्या देणारा नको, आणि हॉर्मोन म्हणजे कॅन्सर म्हणून विषय मिटवणाराही नको. ती भीती २००२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासानंतर पसरली. नंतर त्याच आकड्यांचा पुन्हा विचार झाला. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी, आणि वरच्या प्रश्नांत अडचण निघाली नाही, तर वाफांवर हॉर्मोनइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. पिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेन हे हॉर्मोन एकटं देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन लागतं. डॉक्टर हे आपणहून सांगतात का बघा. हॉर्मोन चालत नसतील तर दुसरी औषधं आहेत. शेजारणीची गोळी मात्र घेऊ नका.

तुमच्या वयात एफएसएच या हॉर्मोनच्या रक्ततपासणीवर पैसे घालवायची सहसा गरज नसते, कारण तो आकडा सारखा वरखाली होतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघायला हवं. धडधडीसाठी ईसीजीही काढा. ती वयावर ढकलून गप्प बसू नका.

पैशांची अडचण असेल तर म्हापशाचं आझिलो हे सरकारी इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेको, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहेच. तिथे गर्दी असते आणि दर खेपेला तेच डॉक्टर भेटतील असं नाही. म्हणून सगळे कागद एका फाइलीत ठेवा, आणि पाळीच्या तारखा व वाफांच्या वेळा वहीत लिहून न्या.

बाई डॉक्टर हवी असं वाटणं अगदी योग्य आहे, ती मिळाली तर उत्तमच. पण 'सोसा' म्हणणाऱ्या बायकाही मी कमी पाहिल्या नाहीत. पुरुष डॉक्टर नीट ऐकून घेत असेल तर नाही म्हणू नका. तपासणीच्या वेळी नर्स खोलीत थांबावी, असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

आणखी एक, जे विचारायला तुम्ही लाजाल. चार महिने पाळी नाही म्हणजे ती गेली असं नव्हे, सलग बारा महिने जावे लागतात. तोवर दिवस राहू शकतात, आणि पन्नाशीच्या आत तर पाळी गेल्यावरही दोन वर्षं काळजी घ्यायला सांगतात. तेव्हा आधी घरीच गर्भाची चाचणी करा, मग अपॉइंटमेंट घ्या. आणि बारा महिने पूर्ण झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.