जेवणावर नको, बिलावर भांडा

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलात. ऑर्डर यायला तासाच्या वर लागला. आलेले पदार्थ कोमट होते, वेटरने तेच गरम करून पुन्हा आणून ठेवले. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता. तो काढा म्हटल्यावर मॅनेजर म्हणाला, "मेन्यूवर छापलंय." पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून तुम्ही पैसे भरलेत. आता सगळं बिल परत हवंय आणि वर मनस्तापाची भरपाई.

सगळं बिल परत मिळणं कठीण आहे. महाग असणं बेकायदा नाही. दर छापलेले होते आणि ते वाचूनच तुम्ही ऑर्डर दिलीत. चवीचं तर विचारूच नका, ती ग्राहक आयोगापुढे सिद्ध कशी करणार? उशीर आणि कोमट जेवण 'सेवेतील त्रुटी' ठरू शकतं, पण तुमची तक्रार तोंडीच राहिली आणि ताटं रिकामी झाली. ऑर्डर किती वाजता आत गेली ते केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, कळतं, मात्र तो कागद त्यांच्याकडे असतो. या मुद्द्यावर मी फारशी आशा दाखवणार नाही.

तुमचं खरं हत्यार सर्व्हिस चार्ज आहे. बिलाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यात पदार्थांची बेरीज, त्याखाली सर्व्हिस चार्ज आणि मग दोन्हींच्या बेरजेवर जीएसटी लावलाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, नाव बदलूनही नाही, आणि तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी आकारणंही चालत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वं उचलून धरली. त्या निकालाविरुद्ध रेस्टॉरंट संघटना अपिलात गेल्या आहेत, तेव्हा समोरचा वकील तो मुद्दा काढणारच. पण 'मेन्यूवर छापलंय' एवढ्यावर ऐच्छिक रक्कम सक्तीची होत नाही. मुकाट्याने पैसे भरलेत म्हणून तुमचा हक्कही गेला नाही.

आधी रेस्टॉरंटला ईमेल करा. सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा जीएसटी १५ दिवसांत परत करा, एवढंच लिहा. चवीचा राग त्यात ओतू नका, मुद्दा पातळ होतो. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. अशी किरकोळ रक्कम बऱ्याचदा तिथेच सुटते, कारण एवढ्यासाठी आयोगाच्या तारखांना खेटे घालणं रेस्टॉरंटलाही नकोच असतं.

तरीही अडून बसले तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि वकील लावायची सक्ती नाही. वकील असून सांगतो, या रकमेसाठी लावूही नका. मनस्तापाची भरपाई जरूर मागा, पण आकडा बेताचा ठेवा.

आयोगाकडे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. आणि आजच मूळ बिलाची झेरॉक्स काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते.