जर्मनीत नदीकाठचं, वाईनसाठी प्रसिद्ध असं एखादं जुनं गाव पाहायचं असेल तर कुठे जावं?

बर्नकास्टेल-कुस. मोझेल नदीवर, फ्रँकफर्टहून गाडीने दोनेक तास. रेल्वेने विटलिखपर्यंत जाता येतं, पुढे बस. गावात पूर्वी रेल्वे होती. आता त्या रुळांच्या जागी सायकलमार्ग आहे.

मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा मित्रांबरोबर गेलो तेव्हा बघण्यापेक्षा पिणंच जास्त झालं. दुसऱ्यांदा आईबाबांना घेऊन गेलो. बाबा निफाडचे द्राक्ष बागायतदार आणि दारूला हात न लावणारे. ते समोरच्या डोंगराकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, इथं ट्रॅक्टर कसा घालायचा?"

घालताच येत नाही. नदीपासून सरळ वर चढत गेलेला काळ्या पाटीच्या दगडाचा उतार, आणि त्यावर रिस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाचे वेल. आपल्यासारखा मांडव नाही, 'वाय' आकाराच्या आधारावरच्या ताराही नाहीत. जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलाला स्वतःचा एक खांब आणि त्याच्या दोन काड्या वाकवून दोन बाजूंनी बांधलेल्या, लांबून पत्त्यांतल्या बदामासारख्या दिसतात. बाबांनी पाटीचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. ऊन कलून गेलं होतं तरी दगड कोमट होता. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते या दगडामुळे आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारामुळे. मोझेलच्या खोऱ्यात काही जुने वेल अजून स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत, हे ऐकून बाबांचा विश्वास बसेना. त्यांची अख्खी बाग डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम केलेली.

गावाच्या अगदी डोक्यावर 'डॉक्टर' नावाचा मळा आहे. जेमतेम आठ एकर, पण जर्मनीतल्या सगळ्यात नावाजलेल्या मळ्यांपैकी एक. चौदाव्या शतकात ट्रिअरचा आर्चबिशप बोएमुंड दुसरा इथे आजारी पडला, वैद्यांनी हात टेकले आणि इथल्या वाईनने तो बरा झाला, म्हणून मळ्याचं नाव डॉक्टर, अशी आख्यायिका सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण नाव टिकलं.

बाजारचौक छोटा आहे. लाकडी चौकटींची घरं, १६०६ चं कारंजं, त्याच काळातलं नगरभवन. जवळच १४१६ चं 'श्पिट्सहॉयस्खेन' नावाचं घर आहे. त्याचा तळमजला इतका चिंचोळा की वरचे मजले त्याच्यावर छत्रीसारखे बाहेर आलेत. खाली गल्लीतून गाड्या जायला वाट हवी आणि वर माणसांना राहायला जागाही हवी, त्यावर काढलेली ही तोड. फोटोसाठी इथे रांग लागते, सकाळी लवकर जा. वरच्या लांड्सहूट किल्ल्याला १६९२ मध्ये आग लागली, तेव्हापासून तो पडकाच आहे. चढण दमवते, पण नदीचं वळण दिसतं ते तिथूनच.

बहुतेक लोक एवढं बघून परततात. माझ्या मते खरी गोष्ट पूल ओलांडून कुसमध्ये आहे. (ही दोन वेगळी गावं होती, १९०५ मध्ये एक झाली.) कुसमध्ये १४०१ साली एका नावाड्याच्या घरी निकोलाउस जन्मला. पुढे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी झाला आणि पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी नाही, असं कोपर्निकसच्या आधी शंभरएक वर्षं लिहून गेला. त्याने १४५८ मध्ये गावात एक आश्रयगृह स्थापलं, ३३ वृद्ध पुरुषांसाठी. ख्रिस्त जितकी वर्षं जगला असं मानतात तितके, म्हणून ३३. खर्चासाठी जमिनी आणि द्राक्षमळे लावून दिले, देवस्थानाला इनाम द्यावं तसे. ते आजही वृद्धाश्रम म्हणूनच चालतं, आता बायकाही राहतात. निकोलाउस इटलीत वारला, देह रोममध्ये आहे, पण हृदय इथल्या प्रार्थनागृहात पुरलंय. तीनशेहून अधिक हस्तलिखितांचं त्याचं ग्रंथालयही जागच्या जागी आहे. ते मात्र मार्गदर्शकासोबतच बघता येतं, वेळ आधी विचारून घ्या.

आवारातच वाईनचं संग्रहालय आहे. आम्ही गेलो तेव्हा अंगणात दोन आजोबा बाकावर बसले होते. बाबा शेजारी जाऊन टेकले. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण बाबांनी मोबाईलमध्ये आपल्या बागेचे फोटो दाखवले आणि एका आजोबांनी बोटाने काडी वाकवून बांधायची कशी ते हवेत करून दाखवलं. अर्धा तास झाला तरी बाबा उठायला तयार नव्हते.

जायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तोडणीच्या हंगामात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मोठी वाईन जत्रा असते, तेव्हा खोली मिळणं कठीण. वाईन घेत नसाल तर 'ट्राउबेनझाफ्ट' मागा, द्राक्षाचा रस. आईने तीन ग्लास घेतले.